भिंतीवरून येणारे मेहुणे

आमच्या मेहुण्यांनी उमापुरात सलग सात महिने एकाही घराचं दार वापरलं नाही, आणि तरीही त्या गावात त्यांच्याइतका घराघरांत जाऊन आलेला दुसरा माणूस नव्हता. सासुरवाडीचं कौतुक सांगायची मला सवय नाही. त्या बाबतीत माझा हात जरा आखडताच आहे, हे आमची मंडळी शपथेवर सांगेल. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगायलाच हवं. मी तेव्हा उमापूरच्या शाळेवर मास्तर होतो. अंमल निजामाचा होता. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. ते त्याच गावच्या पोलीस चौकीवर जवान होते. चौकीवर माणसं दोनच, एक म्हातारे जमादारसाहेब आणि दुसरे आमचे मेहुणे. झोपायला ते चौकीत असत आणि जेवायला आमच्याकडे. या दोन जागांमधलं जे अंतर शहाणा माणूस रस्त्याने चालत गेला असता, ते मेहुणे पाटलांच्या गोठ्यावरून, तेल्याच्या परसातून आणि आमच्या मागच्या भिंतीवरून पार करीत.

मुळात त्यांना बसणंच जमत नसे. एका जागी बसलेला माणूस त्यांना आजारी वाटायचा. मी ओट्यावर वह्या तपासत बसलो की ते दोनदा येऊन विचारीत, "दाजी, बरं हाय न्हवं?" अंगाने काटक, पाय लांब, मिशा मात्र भरघोस, आणि त्या मिशाही सतत हलत असत. ताटावर बसले की पहिली भाकरी बसून खात, दुसरी उकिडवे होऊन आणि तिसरी दारात उभे राहून. माझी बायको म्हणायची, "दादा, कावून असं करतो? भाकरी काय पळून चालली?" त्यावर ते म्हणत, "भाकरी न्हाई, मी चाललो," आणि खरोखरच चालू लागत. एकदा मारुतीच्या देवळात सप्ता बसला होता. वीणा क्षणभरही खाली ठेवायची नसते आणि वीणेकऱ्याने उभं राहायचं असतं, म्हणून गावाने ती मेहुण्यांच्या गळ्यात घातली. उभं राहण्यात त्यांना कोण हरवणार, असा सगळ्यांचा हिशेब होता. पहाटे लोक पाहतात तर देवळात ना वीणा ना मेहुणे. वेशीपर्यंत जाऊन, गावाला एक पूर्ण वेढा घालून ते परत आले, वीणा वाजवीतच. "खाली ठेवली न्हाई," एवढंच ते म्हणाले, आणि त्यात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं.

पण हा स्वभावाचा भाग झाला. भिंतींचं प्रकरण निराळं होतं आणि त्याच्या मुळाशी आमच्या वहिनी, म्हणजे मेहुण्यांच्या पत्नी, होत्या. चौकीवरच्या साध्या जवानाने कुटुंब जवळ ठेवायचं नाही असा तेव्हा कायदा होता. जमादाराला मात्र चौकीच्या मागे दोन खणांचं घर मिळे, चूल, न्हाणी आणि कडी असलेलं दार यांच्यासकट. मेहुण्यांचे आईवडील केव्हाच गेले होते, स्वतःचं म्हणावं असं घर नव्हतं, म्हणून वहिनी नारायणगडाजवळ आपल्या माहेरी असत. वर्षाला पंधरा दिवसांची रुखसत, म्हणजे रजा, मिळे, तेवढाच त्यांचा संसार. मला मेहुण्यांनी एकदाच बोलून दाखवलं. "दाजी, अकरा वर्सं झाली लग्नाला. समदे दिस येका ठिकानी बांदले तर सा म्हयने बी भरत न्हाईत." हे सांगतानासुद्धा ते आमच्या आढ्याला लोंबकळत होते, पण आवाज लोंबकळणाऱ्या माणसाचा नव्हता. वहिनींविषयी मी काही सांगू शकत नाही, कारण अकरा वर्षांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्या आमच्याकडे आल्या की स्वयंपाकघरात माझ्या बायकोच्या कानाशी कुजबुजत, आणि मी खाकरलो की तेही थांबे. त्यांच्या भावकीतल्या काही लोकांना त्या मुक्या वाटत, असं ऐकलं होतं.

त्या वर्षी जमादारसाहेब वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर जायचे होते. जिल्ह्याच्या पोलिसांचे मुख्य, मोहतमीमसाहेब, नवे आलेले, हौशी, घोड्यावरून न उतरणारे. त्यांनी हुकूम काढला की सालगिरहेला, म्हणजे निजामाच्या वाढदिवशी, बीडच्या मैदानावर जी अडथळ्यांची शर्यत होते तीत यंदा जो जवान पहिला येईल त्याला उमापूरची जमादारी मिळेल. चाळिशी उलटलेल्यांनी नाव घालायचं नाही. मेहुण्यांचं वय दफ्तरात एकोणचाळीस होतं. खरं किती ते त्यांच्या आईलाच ठाऊक आणि ती सांगायला नव्हती. म्हणजे पहिली संधी तीच आणि शेवटचीही तीच. हुकूम वाचून दाखवला तेव्हा जमादारसाहेबांनी आपल्या दोन खणांच्या घराकडे बोट केलं आणि म्हणाले, "मियाँ, कूदो. ये घर तुम्हारा." त्या घटकेपासून आमच्या मेहुण्यांनी पायाखालची सपाट जमीन टाकली.

आता अडचण अशी होती की असल्या शर्यतीचा सराव करावा असं मैदान उमापुरातच काय, साऱ्या गेवराई तालुक्यात नव्हतं. बीडला होतं, तेही सालगिरहेच्या आधी दोन दिवस उभं राही आणि नंतर त्याची लाकडं कोण नेई ते कळत नसे. दुसरी अडचण याहून मोठी होती. मेहुण्यांनी ही शर्यत कधी पाहिलीच नव्हती. तीन सालांमागे ते बंदोबस्ताला त्याच मैदानावर होते खरे, पण बंदोबस्ताच्या जवानाने लोकांकडे तोंड करून उभं राहायचं असतं. शर्यत त्यांच्या पाठीमागून गेली. त्यांना दिसले ते फक्त लोकांचे चेहरे. तेवढ्यावरून त्यांनी सगळी शर्यत मनाशी मांडली होती. "आदी लोकांनी माना खाली घातल्या, म्हंजी खंदक. मंग श्वास धरला, म्हंजी वंडक्यावरून चालनं. मंग लई येळ कायच न्हाई, नुसते बगत ऱ्हायले. म्हंजी मानूस कशात तरी शिरला आसल." तो माणूस पिंपात शिरला होता, असा खुलासा जमादारसाहेबांनी केला, त्यानंतर दोराचं जाळं आणि सगळ्यात शेवटी पुरुषभर उंचीची भिंत. भिंतीच्या वेळी लोकांचे चेहरे कसे होते, असं मी विचारलं. मेहुणे म्हणाले, "खुश व्हते, दाजी. लई खुश व्हते." ती खुशी आपल्याला पाहिजे, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग गावच मैदान झालं. खंदकाच्या जागी त्यांनी वेशीबाहेरचा ओढा धरला. ओंडक्याच्या जागी विहिरीवरचं मोटेचं लाकूड, ज्यावर बैलवाला शेतकरीसुद्धा पाय द्यायला कचरतो. जाळं म्हणून गाडीला कडबा बांधायची दोरखंडाची जाळी. ती जमिनीवर पसरून तिच्याखालून मेहुणे सरपटत असताना पाटलांच्या म्हशीने एकदा त्यांच्यासकट ती चघळायला घेतली. भिंतींना तर उमापुरात तोटा नव्हता. पांढऱ्या मातीच्या, पुरुषभर उंच, घरोघर एक. सकाळी गस्त म्हणून निघत आणि साठसत्तर भिंती करून येत. वर्दीच्या गुडघ्यांना माझी बायको ठिगळं लावी, आणि ठिगळांवर ठिगळं. मी म्हणालो, "पाव्हणं, गस्त रस्त्यानं घालायची असते." त्यावर ते म्हणाले, "चोर कुटं रस्त्यानं जातो?" खरं सांगायचं तर त्या महिन्यांत गावात चोरी झाली नाही. कुठल्या भिंतीवरून केव्हा पोलीस पडेल याचा नेम राहिला नव्हता.

पिंपाचा मात्र प्रश्न आला, कारण उमापुरात पिंप कोणी पाहिलेलं नव्हतं. शेवटी पाटलांची रिकामी कणगी मिळाली. ज्वारी साठवायला तुराट्यांची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसाच्या छातीइतकी उंच. ती आडवी करून मेहुणे आत शिरले आणि आत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पिंपाला दोन तोंडं असतात आणि कणगीला एक. माघार घेण्याचा सराव त्यांनी केलेला नव्हता. जोर केला तशी कणगी हलली, आणि हलली ती थेट उताराला लागली. पाटलांच्या दारापासून ओढ्यापर्यंत उतार चांगला आहे. ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं तर एक कणगी गडगडत आपल्यावर येते आहे आणि तिच्या आतून आवाज येतो आहे, "मानूस हाय हो, मानूस हाय." धुणी टाकून बायका पळाल्या. एक म्हातारी तेवढी पळाली नाही. तिने कणगीला हात जोडून दोन महिन्यांचा खोकला बरा कर म्हणून नवस बोलला. खोकला बरा झाला, हेही मला सांगावं लागेल.

यानंतर गावात कुरकुर सुरू झाली, आणि ती वावगी नव्हती. बायका परसात न्हातात, केस वाळवतात, चार बायका बसून कोणाची तरी उणीदुणी काढतात, अन् मध्येच भिंतीवर मिशा उगवतात. कोष्ट्याच्या घरी तर कहर झाला. माळवदावरून पळताना मेहुण्यांचा एक पाय उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून खाली गेला आणि थेट चुलीच्या वर लोंबकळत राहिला. खाली कोष्ट्याची बायको भाकरी थापत होती. तिने आधी पायाकडे पाहिलं, मग चुलीतलं एक जळतं लाकूड घेतलं. मेहुण्यांनी नंतर आठ दिवस भिंती केल्या त्या एका पायाने.

मग मारुतीच्या पारावर बैठक बसली. निम्मं गाव म्हणत होतं, जवानाचं हे खूळ बंद करा. निम्मं म्हणत होतं, बिचाऱ्याच्या संसाराचा सवाल आहे, करू द्या. पाटील दोन्हीकडे मान हलवीत होते. अशा वेळी लोक मास्तराकडे पाहतात, आणि लोकांनी पाहिलं की मास्तराला बोलल्यावाचून राहवत नाही. मी उभा राहिलो. मी म्हणालो की आपल्यात कोणाच्याही घरी जाताना पुरुषमाणूस अंगणाबाहेर थांबून खाकरतो, हाक देतो, आणि आतून 'या' आलं की पाऊल टाकतो. दाराला जी रीत तीच भिंतीला लावा. मेहुण्यांनी भिंतीला हात लावून 'माणूस येतोय हो' म्हणावं, आतल्या बाईमाणसाने पदर सावरून 'या' म्हणावं, आणि मग त्यांनी खुशाल उडी मारावी. 'या' आल्याशिवाय मारायची नाही. पाराभोवती माना डोलल्या. पाटील म्हणाले, "मास्तर, अक्कल हाय बरं का तुमाला." आयुष्यात एवढी शाबासकी मला दुसऱ्या कशाला मिळालेली नाही. मी दोन दिवस जरा छाती काढून चाललो, हे लपवत नाही.

मेहुणे कायद्याचे माणूस. त्यांना नियम एकदा सांगितला की तो हाडात शिरे. दुसऱ्या दिवसापासून गावभर एकच आवाज ऐकू येऊ लागला. "मानूस येतोय हो." आतून, "या." धप्प. पुढच्या घरी पुन्हा, "मानूस येतोय हो." "या." धप्प. बायकांना त्याची अशी सवय झाली की जात्यावरच्या ओव्यांच्या मध्ये त्या एक 'या' टाकून पुढची ओवी म्हणत. कोणाकोणाच्या भिंतीवरून जाताना त्यांच्या हातात ताक ठेवलं जाई, कोणी म्हणे, "भाऊ, तसंच पुढं ह्या परसात यवडी वाटी द्या." विरजण, निरोप, भांडणातली शेवटची ओळ, सगळं त्यांच्याबरोबर भिंतीवरून जाऊ लागलं. घरात कोणी नसेल तर मात्र पंचाईत होई, कारण मग 'या' कोण म्हणणार? गुरवाच्या भिंतीपाशी ते एकदा सूर्य कलेपर्यंत उभे होते. गुरवीण माहेरी गेली होती. मी वाटेने जाताना म्हटलं, "अहो, घर बंद आहे, मारा उडी." ते भिंतीला हात लावून उभेच. तोंड एवढंसं झालं होतं, पाय जागच्या जागी नाचत होते. म्हणाले, "दाजी, नेम तुमीच केला नं?" शेवटी मीच पुढच्या दाराने वळसा घालून आत... आत कुठला, कुलूप होतं; शेजारणीला सांगून तिच्या भिंतीवरून 'या' म्हणवून घेतलं, तेव्हा ते हलले.

असं करता करता सात महिने भरले. चौकीमागच्या दोन खणांच्या घराला मेहुण्यांनी मनातल्या मनात चुना दिला होता. चूल पूर्वेला आहे ती दक्षिणेला नको का, असं ते माझ्या बायकोला विचारीत. जमादारसाहेब नवा चुना आपल्याच हाताने लावून देईन म्हणत. त्यांना एकच काळजी होती. ते म्हणत, "मियाँ, तेज तो बहोत हो गए, मगर हर दीवार पे ठैरते कायको?" मी हसून म्हणत असे, ही उमापूरची रीत आहे, साहेब, बीडच्या मैदानावर काही बायका न्हात नसतात. आम्ही दोघं हसलो होतो. मेहुणेही हसले होते.

सालगिरहेला तालुक्यातल्या सगळ्या मास्तरांनी बीडला हजर राहायचं असा हुकूम होता, म्हणून मी गेलो. आमच्या मंडळीचे दिवस भरत आले होते, ती घरी राहिली. पण तिने नारायणगडाकडे निरोप धाडला होता आणि वहिनी भावाच्या गाडीतून आल्या होत्या. मैदानाच्या एका अंगाला बायकांसाठी कनात बांधली होती, तिच्यामागे त्या बसल्या. आम्हा मास्तरांची बाकं भिंतीच्या अगदी समोर होती. माझ्या पुढच्याच खुर्चीवर शाळाखात्याचे इन्स्पेक्टरसाहेब होते. त्यांच्या शेरवानीची कॉलर माझ्या नाकापासून दोन हातांवर होती. माझा पगार, माझी बदली, माझं सगळं त्या कॉलरीच्या आत होतं.

शिट्टी वाजली. खरं सांगतो, मेहुण्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गावात त्यांना सपाट जागा कधी मिळालीच नव्हती. खंदक त्यांनी असा ओलांडला जणू तो बुजवून ठेवला होता. ओंडक्यावर बाकीचे हात पसरून चालत होते तेव्हा हे मिशांवरून हात फिरवीत गेले. पिंपाला दुसरं तोंड आहे हे पाहून त्यांना केवढा आनंद झाला असेल. आत गेले आणि लगेच बाहेर. जाळ्याखालून बाहेर पडले तेव्हा दुसरा माणूस अजून पिंपात होता. भिंतीपर्यंत ते एकटे आले. पलीकडे पन्नास पावलांवर झेंडा होता. माझ्या बाजूचा मास्तर म्हणाला, "संपलं. जमादार झाला हा माणूस." मी बोटं मोडत होतो. मेहुण्यांनी भिंतीला दोन्ही हात लावले आणि थांबले.

"मानूस येतोय हो," ते म्हणाले.

मोहतमीमसाहेबांनी घोडा दोन पावलं पुढे घेतला. मेहुणे भिंतीला हात लावून उभे. त्यांचे पाय जागच्या जागी नाचत होते, अगदी गुरवाच्या भिंतीपाशी नाचले तसे. त्यांनी पुन्हा हाक दिली, या वेळी मोठ्याने, "मानूस येतोय हो." तेव्हा कुठे लोकांना हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. टोप्या उडाल्या. त्यांना काय झालं आहे हे त्या हजारो माणसांत एकट्या मला माहीत होतं. सात महिने, दिवसाला साठसत्तर भिंती. हात भिंतीला लागला की पाय 'या'ची वाट पाहणारच. ते स्वतः होऊन हलू शकत नव्हते. आणि काय करायला हवं तेही मलाच माहीत होतं. दोन अक्षरंही नाहीत, एकच. मी उभा राहून ते म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंही. इन्स्पेक्टरसाहेबांनी हसता हसता मागे वळून आम्हा मास्तरांकडे पाहिलं, आणि मी तोंड मिटलं. मीही थोडा हसलो. मला शरम वाटते, पण मी हसलो.

मोमिनाबादचा जवान जाळ्यातून आला, भिंतीवर चढला, पलीकडे गेला. त्याच्यामागे आणखी एक. मेहुणे त्यांच्याकडे पाहत होते. असं कसं न विचारता जातात ही माणसं, असं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं. तेवढ्यात कनातीमागून आवाज आला. मोठा नव्हता, पण साफ होता.

"या की हो. कोन न्हाई हितं."

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, तरी कोणाचा ते मला कळलं. मेहुण्यांना तर कळलंच. ते भिंतीवरून असे गेले की हसणारे लोक हसायचे थांबले. पण पन्नास पावलं म्हणजे किती. तोवर दोघं झेंड्याला पोचले होते. मेहुणे तिसरे आले. मोहतमीमसाहेबांनी त्यांना बोलावून विचारलं, "रुके क्यूं?" मेहुण्यांनी सलाम ठोकून सांगितलं, "हुजूर, आतून 'या' न्हाई आलं." साहेब डोळे पुसेपर्यंत हसले, त्यांच्या पाठीवर थाप मारली, आणि जमादारी मोमिनाबादच्या जवानाला दिली. शर्यतीचा निकाल तसाच द्यायचा असतो. त्यांना दोष देता येत नाही.

मी मैदानाबाहेर माझ्या गाडीपाशी आलो तेव्हा मेहुणे जुवाला धरून उभे होते. ते बसले नव्हते, पण हलतही नव्हते, आणि मला ते पाहवेना. मी बैलांना पेंड घालायला लागलो. तेवढ्यात वहिनी आल्या. मागे त्यांचा भाऊ, हातात चाबूक, म्हणत होता, "चल बाई, गाडी जुपलीय, गावाकडं चल." वहिनी आमच्या गाडीत चढून बसल्या. भाऊ म्हणाला, "आगं, हिकडं कुटं?" त्या पदर नीट करीत म्हणाल्या, "उमापुरला." भावाने कायदा सांगितला, चौकीचा, सरकारचा, लोकांचा. सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "साऱ्या बीडानं माजा आवाज आयकला. आता म्हायेरी गप बसून काय करू?" भाऊ माझ्याकडे पाहू लागला. मास्तर म्हणून मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा होती. मी गाडीवानाला गाडी हाकायला सांगितली. त्या दिवशी मी केलेलं बरं काम तेवढंच.

वहिनी आमच्या पडवीत राहिल्या. मेहुणे जेवायला येत ते आता दाराने येत आणि जेवून झाल्यावरही निघत नसत. नवा जमादार, तो मोमिनाबादचा, भला माणूस निघाला; पडवीतलं कुटुंब कोणाचं ते त्याने कधी विचारलं नाही. मागच्या दोन खणांच्या घरात त्याची बायको आली आणि वहिनींची तिच्याशी गट्टीही जमली. मला मात्र त्या घरावरून जाताना मान वर करवत नसे. पावणेदोन वर्षं असं चाललं. मग वरून तपासणी आली, कोणीतरी तक्रारीचा कागद टाकला होता, आणि मेहुण्यांची बदली परळी वैजनाथाकडे झाली. तिकडे कुठे राहायचं, कुटुंब ठेवू देतील का, काही ठाऊक नव्हतं. वहिनी म्हणाल्या, ते जातील तिथं मी जाईन, नाही म्हणणाऱ्याला मी बघते. त्या आता चांगल्या बोलू लागल्या होत्या.

निघायच्या सकाळी मी त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेलो. वहिनी गाठोडं घेऊन थोड्या पुढे चालल्या होत्या. मला वाटलं, आता बोललो नाही तर राहून जाईल. मी म्हणालो, "पाव्हणं, त्या दिवशी मैदानावर मी समोरच बसलो होतो. नेम माझा होता. मी 'या' म्हणालो असतो तर आज ते घर तुमचं असतं. मला साहेबाची भीती वाटली." हे बोलायला मला पावणेदोन वर्षं लागली होती.

मेहुणे एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले. त्यांची निघायची घाई दिसत होती. डोळे वहिनींच्या पाठीवर होते, त्या वळणाला पोचत होत्या. म्हणाले, "आवो दाजी, तुमी म्हनला असता, तर ती कुटं बोलली असती?"

एवढं म्हणून ते लांब टांगा टाकीत गेले आणि वहिनींच्या हातातलं गाठोडं त्यांनी घेतलं. त्यानंतर परळीहून त्यांची दोन पत्रं आली, दुसऱ्याने लिहून दिलेली, खुशालीची. मग आमचीही बदली झाली आणि पत्रं चुकली. त्यांचं म्हणणं खरं असेल. माझ्या बायकोलाही ते पटतं. पण मी म्हणायला हवं होतं.